शाळेतून आलेला निरोप वाया घालवू नका : झेडपीच्या शाळेचं जून ते मे वर्ष, पालकांसाठी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून वर्षभर घरी निरोप येत असतात. कधी पोराच्या वहीत दोन ओळी लिहून, कधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर, कधी 'उद्या आईला घेऊन ये' एवढंच तोंडी. पेरणी, खुरपणी, दूध घालायची घाई, यात असे निरोप राहून जातात. पण त्यातल्या काही निरोपांवर पोराची शिष्यवृत्ती, नावातली दुरुस्ती आणि कधी कधी गावातल्या शिक्षकाचं पदसुद्धा अवलंबून असतं. कोणता निरोप कधी येतो, त्याचा अर्थ काय आणि पालकांनी काय करायचं, याची ही एकत्र माहिती. मोबाईलमध्ये जपून ठेवावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी.

निरोप नेमका कुणाचा असतो

शाळेत मुख्याध्यापक. दहा-पंधरा शाळा मिळून एक केंद्र, त्याचे केंद्रप्रमुख. त्यांच्या वर पंचायत समितीत विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी. जिल्ह्याला शिक्षणाधिकारी (प्राथमिक). बहुतेक सूचना वरून खाली याच साखळीने येतात आणि शेवटी गुरुजी किंवा बाई त्या पालकांच्या ग्रुपवर टाकतात. त्यामुळे अनेकदा मुदत फक्त दोन-तीन दिवसांची उरलेली असते. 'आज संध्याकाळपर्यंत झेरॉक्स द्या' असा निरोप आला तर तो गुरुजींचा हट्ट नसतो, वरून तारीखच तशी आलेली असते.

ग्रुपवर नंबर एकच असतो आणि तो बहुतेक वेळा वडिलांचा. वडील दिवसभर रानात किंवा कामाला बाहेरगावी. म्हणून आईचा किंवा घरात थांबणाऱ्या कुणाचा तरी नंबर शाळेत द्यावा. नंबर बदलला तर तोही कळवावा. शाळेत नोंदवलेला नंबर बंद पडलेला असणं ही निरोप न पोचण्याची सगळ्यात साधी अडचण आहे.

एक सावधगिरी. शिष्यवृत्तीच्या नावाखाली लिंक पाठवून बँकेची माहिती किंवा ओटीपी मागणारे मेसेज फिरतात. शाळा ओटीपी मागत नाही. शंका आली तर लिंक उघडायच्या आधी शाळेत जाऊन विचारावं.

जून : नाव दाखल करणं

राज्यात शाळा साधारण १५ जूनच्या आसपास सुरू होतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. पहिलीच्या वर्गासाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला पहिली ते आठवी मोफत शिक्षण, हा त्याचा गाभा. या कायद्यामुळे पालकांनी चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली, जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्यातली किंवा नर्सबाईंच्या रजिस्टरमधली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तेही नसेल तर पालकाने वयाबद्दल लिहून दिलेलं घोषणापत्र चालतं.

दुसरी, आधार कार्ड नाही म्हणूनही प्रवेश अडवता येत नाही. आधार नंतर काढता येतं.

तिसरी, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला मूल परत पाठवता येत नाही. जुन्या शाळेनेही दाखला लगेच द्यायचा आहे.

चौथी, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखत घेता येत नाही आणि देणगी मागता येत नाही.

प्रवेशाच्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे जनरल रजिस्टरमधली नोंद स्वतः बघणं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात. ही नोंद पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जशीच्या तशी येते. आडनावात एक वेलांटी चुकली की दहावीच्या सनदेपासून पासपोर्टपर्यंत ती चूक मागे लागते. दुरुस्ती करता येते, पण शाळा सोडल्यावर ती फार अवघड होते. पोरगं शाळेत आहे तोवर अर्ज आणि पुरावा देऊन ती करून घ्यावी.

जातीच्या नोंदीचं महत्त्व तर गावोगाव आता सगळ्यांना कळलंय. जात प्रमाणपत्र आणि पडताळणीसाठी जुन्या पिढीच्या शाळेतल्या नोंदी पुरावा म्हणून लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा, पणजोबा याच गावच्या शाळेत शिकले असतील तर त्यांची नोंद शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये सापडू शकते. म्हणून शाळेचं जुनं कपाट म्हणजे अडगळ नाही. पावसात छत गळत असेल तर आधी ती रजिस्टरं कोरड्या जागी हलवली का, हे गावाने विचारायला हवं.

पुस्तकं आणि गणवेश

पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. ती 'बालभारती' म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ काढतं. मंडळाची स्थापना २७ जानेवारी १९६७ ची. पुस्तक हरवलं, फाटलं किंवा यायला उशीर झाला तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून त्याची पीडीएफ फुकट उतरवून घेता येते. नवीन पुस्तक विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही.

गणवेशाचे दोन जोड मिळतात, त्यासाठी एका मुलामागे ६०० रुपये धरलेले असतात. मध्यंतरी राज्यभर एकाच कापडाचा गणवेश वरून शिवून द्यायचं ठरलं होतं. मापं चुकल्याच्या आणि उशिराच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे देण्याचा निर्णय झाला. म्हणजे कापड कसलं, शिवणार कोण, मापं कधी घ्यायची हे गावातल्या समितीने ठरवायचं. गणवेश तोकडा आला तर आता बोट वर दाखवता येत नाही, समितीच्या बैठकीत विचारावं लागतं.

आधार, पट आणि शिक्षकाचं पद

'मुलाचं आधार अपडेट करा' हा निरोप ग्रुपवर सारखा येतो आणि पालक वैतागतात. पण यामागचं गणित समजून घ्यायला हवं.

शाळेत किती शिक्षक द्यायचे हे पटावर ठरतं, त्याला संचमान्यता म्हणतात. ३० सप्टेंबरचा पट त्यासाठी धरतात आणि मुलाचं नाव, जन्मतारीख, लिंग हे आधारशी जुळतंय का ते ऑनलाइन तपासलं जातं. नाव जुळलं नाही तर मूल वर्गात रोज बसत असूनही मोजणीत अडचण येते.

कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं प्रमाण आहे. आता समजा एखाद्या गावात ६२ मुलं आहेत आणि त्यातल्या तिघांचं आधार जुळत नाही. कागदावर ५९ राहतात. तिसरं पद धोक्यात येतं आणि पाच वर्ग दोन शिक्षकांवर पडतात. त्या तीन घरांनी तालुक्याला एक हेलपाटा मारला असता तर शिक्षक राहिला असता. इतकं ते साधं आणि इतकं ते मोठं आहे.

लहानपणी काढलेल्या आधारवर बोटांचे ठसे नसतात. मूल पाच वर्षांचं झालं की ठसे आणि डोळ्यांची नोंद करावी लागते. पाच ते सात या वयात ते मोफत होतं. पुन्हा एकदा पंधराव्या वर्षानंतर करावं लागतं. आधारवरचं नाव आणि जनरल रजिस्टरमधलं नाव अक्षरशः एकच आहे का, हे जूनमध्येच बघून घ्यावं.

'अपार' नावाचा विद्यार्थ्याचा क्रमांकही आता काढतात. त्यासाठी पालकांची लेखी संमती घेतात. सही करण्याआधी कागद वाचावा, न कळल्यास विचारावं.

कमी पटाच्या शाळांचा प्रश्न वेगळा. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये शिक्षण विभागाने मागवले होते. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत ही त्यासाठी उदाहरणं दिली गेली. त्यावर उलटसुलट बरंच बोललं गेलं. पण कायद्यातली तरतूद अशी की पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. वाडीवरची शाळा टिकवायची तर पट टिकवावा लागतो, आणि पट टिकतो तो पहिलीच्या दाखल्यांवर.

शाळा व्यवस्थापन समिती : ही सही करायची समिती नाही

'पालक सभा आहे, सर्वांनी हजर राहावे' या निरोपाला सगळ्यात कमी माणसं येतात. आणि त्याच सभेतून शाळेचा कारभार बघणारी समिती निवडली जाते. समितीत १२ ते १६ सदस्य असतात. त्यातले ७५ टक्के पालक, निम्म्या महिला. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. बाकीच्यांत ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, गावातला शिक्षणाची जाण असलेला माणूस. अध्यक्ष पालकांमधूनच होतो. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात. समिती दर दोन वर्षांनी नवी करायची आणि बैठक दर महिन्याला घ्यायची.

समितीची कामं कायद्यातच लिहिली आहेत. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा करणं, आलेल्या अनुदानाचा खर्च बघणं. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान धरलेलं असतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. खडू, झाडू, लाईट बिल, नळाची तोटी, पंख्याची दुरुस्ती, सगळं यातच. त्यामुळे 'लाखो रुपये येतात, जातात कुठं' अशी चावडीवर चर्चा करण्यापेक्षा बैठकीत हिशोबाची वही मागावी. वहीतला आकडा बघितला की निम्मी शंका मिटते. मिटली नाही तर ती ठरावात लिहून घ्यावी.

आईवर्गासाठी वेगळे माता-पालक गटही असतात. पहिलीत येणाऱ्या पोरांसाठी शाळापूर्व तयारी मेळावा भरतो, त्यात हे गट केलेले असतात. घरातल्याच वस्तूंनी, म्हणजे शेंगदाणे मोजायला लावून, भाज्या निवडताना रंग-आकार ओळखायला लावून, मुलाची तयारी कशी करायची ते तिथं सांगतात. शिकलेल्या आईलाच जमतं असं काही त्यात नाही.

दुपारची खिचडी

शाळेतल्या जेवणाची देशपातळीवरची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. २०२१ पासून तिचं नाव पीएम पोषण. गावात मात्र ती खिचडीच. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने जेवण चाखायचं आणि चव नोंदवहीत लिहायचं असतं. समितीचे सदस्य, पालकही अधूनमधून चव घेऊ शकतात. त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही, फक्त स्वयंपाकाच्या वेळी शाळेत जावं लागतं. तांदळाला वास येतोय, डाळ पातळ आहे, पाणी कुठलं वापरतात, हे तिथं उभं राहिल्यावरच कळतं.

तांदूळ आला नाही, इंधन संपलं, स्वयंपाकी ताई आजारी, अशा कारणाने जेवण मिळालं नाही तर त्या दिवसांचा अन्न सुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यावा असा नियम आहे. त्यामुळे किती दिवस जेवण बंद होतं याची तारखेसह नोंद समितीने ठेवावी.

घरात वाढदिवस, बारसं, आजोबांचं वर्षश्राद्ध असलं की शाळेतल्या पोरांना स्नेहभोजन द्यायची पद्धत चांगली आहे. अट एवढीच, की ताजं शिजवलेलं द्यावं आणि मुख्याध्यापकांना आधी सांगावं.

गोळ्या आणि तपासणी

शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा येतं. डोळे, दात, कान, हृदय, वाढ, बोलण्यातला अडथळा हे सगळं तपासतात आणि गरज असेल तर पुढच्या दवाखान्यात पाठवतात. तपासणीचा निरोप आला की त्या दिवशी पोराला घरी ठेवू नये. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून 'अभ्यासात ढ' ठरलेली मुलं चष्मा लागल्यावर वाचायला लागतात.

जंतनाशक दिन फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये असतो. शाळेतल्या वयाला अल्बेन्डाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून खायची. त्याशिवाय आठवड्याला लोहाची गोळी मिळते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना गुलाबी, त्यापुढच्यांना निळी. ती उपाशीपोटी देऊ नये, जेवण झाल्यावर द्यावी. गोळीनंतर शी काळपट झाली तर घाबरायचं कारण नाही, ते लोहामुळे होतं. मूल आधीच आजारी असेल तर मात्र त्या दिवशी गुरुजींना सांगून गोळी थांबवावी.

दिवाळीच्या आधी आणि नंतर

वर्षात दोन सत्रं. पहिल्या सत्राच्या शेवटी, दिवाळीच्या आधी, पहिली संकलित चाचणी. प्रगतिपत्रक घ्यायला पालकांना बोलावतात. तेव्हा फक्त श्रेणी न बघता तीन प्रश्न विचारावेत. पोरगं किती दिवस गैरहजर होतं? वाचता येतं का, की नुसतं पाठ म्हणतं? वजाबाकी, भागाकार येतो का? पालकांना हजेरी आणि प्रगती सांगणं हे कायद्याने शिक्षकांचं कर्तव्यच आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयत्यामागे पोरं गेली की मार्चपर्यंत शाळा तुटते. त्यासाठी दोन वाटा आहेत. मूल आजी-आजोबांकडे गावातच ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृहातून त्याच्या जेवणाची सोय होते. गावात तशी सोय आहे का, हे मुख्याध्यापकांना आणि समितीला सप्टेंबरमध्येच विचारावं. आणि मूल बरोबर न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जावं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत मुलाला बसवून घेतात, आणि परत आल्यावर गावच्या शाळेत त्याचं वर्ष मोडत नाही. मुकादमाची उचल घेताना जसा कागद बघतात, तसं निघताना हे कार्ड पिशवीत आहे का ते बघावं.

शिष्यवृत्ती आणि नवोदय

पाचवीतल्या मुलांसाठी जवाहर नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा असते. सहावी ते बारावी राहून, मोफत शिक्षण. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. अर्ज ऑनलाइन आणि फुकट. ही संधी एकदाच मिळते, दुसऱ्या वर्षी पुन्हा बसता येत नाही. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी गावातल्या शाळेत झालेली असावी लागते. म्हणून तिसरीतच पोराला शहरात टाकायचा विचार करणाऱ्यांनी हेही गणित करावं.

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ती काही वर्षं पाचवी आणि आठवीला होती. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी आणि सातवीला घेण्याचा निर्णय झाला. अर्ज शाळेमार्फत भरतात.

अनुसूचित जाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पाचवी ते सातवीच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती दहा महिने मिळते. आठवी ते दहावीलाही ती असते. त्याला गुणांची किंवा उत्पन्नाची अट नाही. रक्कम छोटी वाटते, पण त्यासाठी मुलीचं बँक खातं निघतं, आधारशी जोडलं जातं, आणि पुढच्या सगळ्या शिष्यवृत्त्यांना तेच खातं लागतं.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस परीक्षा आहे. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार रुपये. उत्पन्नाचा दाखला तलाठी, तहसील या फेऱ्यांत वेळ खातो. तो आधीच काढून ठेवावा.

गाव शाळेत जातं ते दिवस

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गाव झेंड्याला जमतं. त्याशिवायही शाळेचे दिवस असतात. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत पहिलं पाऊल टाकलं तो दिवस. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. बऱ्याच शाळांत बाल आनंद मेळावा भरतो. पोरं मेथीच्या जुड्या, भेळ, लिंबू-मिरची विकायला बसतात. तिथं पाच रुपयांची भाजी घेऊन दहाची नोट द्यावी आणि पोराला सुट्टे मोजू द्यावेत. तोही गणिताचा तासच असतो.

गावाने मनावर घेतलं की काय होतं याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेने २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळवला. या दोन्ही शाळा झेडपीच्याच.

एप्रिल-मे : निकाल आणि दाखला

'आठवीपर्यंत नापास करत नाहीत' हे आता पूर्ण खरं नाही. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात मूल कमी पडलं तर जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घेतात. त्यातही पास झालं नाही तर त्याच वर्गात ठेवता येतं. पण आठवी पूर्ण होईपर्यंत कुणाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

निकालानंतर शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, जन्मतारीख, जात पुन्हा एकदा वाचावी, आणि मूळ दाखला पुढच्या शाळेत देण्याआधी दोन झेरॉक्स घरी ठेवाव्यात.

काही चुकलं तर

शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं कायद्याने बंद आहे. शिक्षकांनी खासगी शिकवणी घेणंही बंद आहे. तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे, मग समितीत, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी. लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. शिक्षण हक्क कायद्याखालच्या लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येतं.

मुलाच्या अंगाशी कुणी गैर वागलं असा संशय जरी आला तरी गावात मिटवायला बसू नये. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर दिवस-रात्र चालू असतो. पोलिसांना कळवणं ही पॉक्सो कायद्याने प्रत्येकाची जबाबदारी आहे. पोरांनाही हा नंबर पाठ करायला लावावा.

आणि शिक्षकांच्या बाजूनेही एक. कायद्याने त्यांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शाळेबाहेरची कामं देता येतात. बाई वर्गात नाहीत असं दिसलं तर त्या कुठल्या कामावर पाठवल्या आहेत हे आधी विचारावं. जादा काम लादलेलं असेल तर त्याविरुद्ध ठराव करून पाठवणं हे पालकांच्याच फायद्याचं आहे.

थोडक्यात, भिंतीवर लावायला

जून : जनरल रजिस्टरमधलं नाव बघणं, पुस्तकं, गणवेशाची मापं, मोबाईल नंबर देणं.
जुलै-ऑगस्ट : पालक सभा, समितीची निवड, नवोदयच्या अर्जाची चौकशी, जंतनाशक गोळी.
सप्टेंबर : ३० तारखेच्या आत आधार जुळवणं, हंगामी वसतिगृहाची चौकशी.
ऑक्टोबर-नोव्हेंबर : प्रगतिपत्रक, स्थलांतर असेल तर शिक्षण हमी कार्ड.
डिसेंबर-जानेवारी : शिष्यवृत्तीचे अर्ज आणि बँक खातं तपासणं, आनंद मेळावा, स्नेहसंमेलन.
फेब्रुवारी-मार्च : जंतनाशक गोळी, अनुदानाच्या खर्चाचा हिशोब समितीत बघणं.
एप्रिल-मे : परीक्षा, निकाल, दाखला, आणि वाडी-वस्तीवरच्या सहा वर्षांच्या प्रत्येक पोराचं नाव शाळेत कळवणं.

परीक्षांच्या आणि अर्जांच्या तारखा दर वर्षी बदलतात. नेमकी तारीख मुख्याध्यापकांकडून किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून खात्री करून घ्यावी.